आधी चारा, मग जनावर
(कुपवाड येथे मंडळीच्या सभेत केलेले भाषण)



वस्त्यांवरच्या कामासाठी तुम्ही देणगी देता तेव्हा पाकिटावर पुष्कळदा लिहिलेले असते, ‘एका शेळीसाठी’ किंवा ‘गाय घेण्यासाठी’. त्यामागचा भाव मला कळतो. शेळी दिसते, तिचा फोटो निघतो. चाऱ्याचा फोटो कोण काढतो? म्हणून आज मी फक्त चाऱ्याविषयी बोलणार आहे. आपल्यातले बरेचजण आता एमआयडीसीत नाहीतर मिरजेच्या दवाखान्यांत नोकरीला आहेत, पण आईवडिलांच्या दारात म्हैस होती असे निम्मे तरी निघतील. त्यांना मी काय म्हणते ते लगेच समजेल.

आपल्या जिल्ह्याचे दोन भाग आहेत. कृष्णाकाठी वाळवा, पलूस, मिरज या बाजूला ऊसच ऊस. पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळ. तिकडची खिलार बैलं आणि माडग्याळी मेंढी लांबवर प्रसिद्ध, पण पाऊस जेमतेम. या पूर्व भागात जनावराचा आधार म्हणजे शाळूचा कडबा. म्हैसाळ आणि टेंभूचे पाणी पोचले तशी तिथे द्राक्षे आली, डाळिंब आले, त्याचा आनंदच आहे. पण जिथे बाग उभी राहिली तिथला शाळू गेला आणि शाळूबरोबर कडबाही गेला. बागायतदार तो विकत घेऊ शकतो. दोन शेळ्या आणि एक गाय असलेल्या पारधी कुटुंबाला शेकड्याचा भाव परवडत नाही. त्यांचा भरवसा गायरानावर, आणि गायराने किती उरली आहेत ते तुम्ही बघताच.

मग नोव्हेंबर उजाडला, कारखान्यांचे बॉयलर पेटले की वाढे येते. ऊसतोड मजूर वाढ्याच्या पेंढ्या विकतात, त्यावर त्यांच्याही मिठामिरचीचे भागते. जनावर वाढे आवडीने खाते, हिरवेगार दिसते, त्यामुळे मालकाला वाटते, आता चिंता मिटली. चार महिने जनावराला दुसरे काही मिळत नाही. इथेच गोम आहे. वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते पोटात कॅल्शियमला बांधून टाकते, मग ते जनावराच्या अंगी लागत नाही. दूध देणारी गाय स्वतःच्या हाडांतले कॅल्शियम दुधात घालत राहते. ती हडकते, वेळेवर माजावर येत नाही, व्याल्यावर बसली की उठत नाही. लोक म्हणतात, नजर लागली. उपाय साधा आहे. वाढ्याचे बारीक तुकडे करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडायची, सोबत कडबा द्यायचा आणि रोज थोडे खनिज मिश्रण द्यायचे. गायीसाठी पन्नासेक ग्रॅम पुरते.

पोट भरते पण अंग भरत नाही, असे एका वस्तीवरच्या मावशी मला म्हणाल्या. पशुपोषणाचे अख्खे पुस्तक त्या एका वाक्यात आहे. गायीच्या पोटात असंख्य सूक्ष्म जीव असतात आणि खरा चारा तेच पचवतात. त्यांनाही प्रथिने लागतात. चाऱ्यात साधारण सात टक्के प्रथिने नसली तर ते जीवच उपाशी राहतात, पचन मंदावते आणि जनावर खाणेही कमी करते. वाळलेल्या कडब्यात प्रथिने तीन-चार टक्केच. म्हणजे गव्हाण भरलेली आणि गाय अर्धपोटी. दर नाताळात आपण गव्हाणी सजवतो, तिच्यात पेंढा मऊ अंथरतो. खऱ्या गव्हाणीत हात घालून चाऱ्याची काडी मोडून बघणारे मात्र थोडे.

ही तूट भरून काढायला सरकी पेंडच पाहिजे असे नाही. तिचे पोते आपल्या लोकांच्या आवाक्यात नाही. लसूणघासात वाळल्यावरही अठरा-वीस टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. तिला पाणी लागते, पण एक गुंठा पुरेसा होतो. पाणीच नसेल तर बांधावर शेवरी आणि हादगा लावावा. सुबाभूळही चालते, पण तिच्यात मिमोसीन असते. नुसता तोच पाला दिला तर केस गळतात, म्हणून एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त देऊ नये. शेळ्यांना उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा द्याव्यात. त्या फुकट मिळतात आणि पोरे हौसेने गोळा करतात. पावसाळ्याच्या तोंडाशी कोवळ्या ज्वारीचे पोंगे मात्र खाऊ देऊ नयेत. त्यात विष असते, तासाभरात जनावर जाते.

कडबा सुधारताही येतो. शंभर किलो कुट्टीला चार किलो युरिया पन्नासेक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, दाबून, प्लास्टिकने हवाबंद करून एकवीस दिवस ठेवायचा. उघडल्यावर वास उडू द्यायचा, मग हळूहळू सवय लावायची. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला तो देऊ नये. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडाशी येता कामा नये, हे मी प्रत्येक वस्तीवर तीन-तीनदा सांगते. ज्या घरात हे काम नीट करणारे माणूस नाही, तिथे मी हा उपाय सुचवतच नाही. तिथे मुरघास बरा. मका चिकात आला की तोडून, कुट्टी करून, जाड पिशवीत तुडवून भरायचा आणि तोंड घट्ट बांधून दीड-दोन महिने हात लावायचा नाही. पिशवीला उंदराने भोक पाडले नाही तर उन्हाळा निघतो.

2012-13 च्या दुष्काळात आटपाडी आणि माण भागात चारा छावण्या उभ्या राहिल्या. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनच्या छावणीत हजारो जनावरे होती आणि माणसेही त्यांच्याजवळच राहायला आली होती. छावणीचे उपकार मोठे. पण छावणी उघडते तेव्हा गरिबाचे जनावर बाजारात निम्म्या किमतीत गेलेले असते. ज्याच्या घरी दोन महिन्यांचा चारा शिल्लक असतो, त्याला तशा घाईने विकावे लागत नाही. शेळी म्हणजे त्या घरची बँक. मुलाची फी, बाळंतपण, कोर्टाची तारीख, सगळे तिच्यावरच भागते.

म्हणून माझी विनंती. पाच शेळ्यांऐवजी तीन द्या आणि उरलेल्या पैशांत वस्तीसाठी एक सामाईक कडबाकुट्टी यंत्र, मुरघासाच्या पिशव्या आणि बियाणे घेऊ द्या. अख्खा कडबा टाकला की जनावर पाने खाते आणि धाटे पायाखाली तुडवते. कुट्टीने ती नासाडी टळते. काहीजण म्हणतील, यंत्रावर देणाऱ्याचे नाव कुठे लिहायचे? यंत्राला पत्रा आहे, रंगाने लिहू.

आणि ज्यांची शेती कृष्णाकाठी आहे, त्यांच्याकडे पैसे नको आहेत. तुमच्या बांधावर नेपियर गवत असेलच. जूनचा पहिला पाऊस झाला की त्याचे दोन-तीन डोळ्यांचे ठोंबे तोडून, ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवा. दोन दिवसांत लावले नाहीत तर ते सुकतात, म्हणून तोडायच्या आदल्या दिवशी मला निरोप द्या. टेम्पो मी पाठवते.