ओल कोण मोजणार?



 या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मला एकाच प्रश्नावर बोलायचं आहे: आपल्या धाराशिव जिल्ह्यात पेरणीचा दिवस कशावरून ठरतो?

बहुतेक गावांत तो शेजारच्या रानातल्या ट्रॅक्टरवरून ठरतो. मृगात एक-दोन चांगल्या सरी पडतात, एक जण पेरायला लागतो आणि दोन दिवसांत सगळं शिवार पेरून होतं. या घाईला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. बैलं कमी झाली, तिफण आढ्याला टांगली गेली. ट्रॅक्टरवाला आज हातचा गेला तर पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. सोयाबीन लवकर निघालं तरच मागे ज्वारी नाहीतर हरभरा साधतो. कर्ज काढून आणलेलं बियाणं घरात ठेवून आभाळाकडे बघत बसणं किती जड जातं, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

पण आपलं पीक बदललं, हे ध्यानात घ्या. ज्वारीचा कोंब सुईसारखा माती भेदून वर येतो. तुरीच्या डाळिंब्या मातीतच राहतात, वर येतो तो नुसता कोंब. सोयाबीनला मात्र दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन माती फोडावी लागते. त्याची साल पातळ, मळणीतच दुखावणारी. दाणा पाच सेंटिमीटरच्या खाली गेला किंवा पेरणीनंतर जोराची सर येऊन वर पापडी धरली, की तो आतल्या आत कुजतो. वर ओल आणि खाली कोरडं असेल, तर फुगलेला दाणा चार दिवसांच्या उन्हात करपतो. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी आल्या, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. बियाण्यात खोट असेल तिथे भरपाई मिळालीच पाहिजे. पण दुबार पेरणीचा प्रत्येक घाव बियाण्यामुळेच बसतो असं नाही. कितीतरी घाव अपुऱ्या ओलीचे असतात, आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विद्यापीठ सांगतं. सल्ला योग्य आहे, पण हा आकडा पावसाचा आहे, ओलीचा नव्हे. मांजरा, तेरणा, सीनाकाठची खोल काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळलेली असते. पहिलं पाणी त्या भेगांतून खाली उतरतं. बालाघाटाच्या उतारावरची मुरमाड जमीन तेवढ्याच पावसात भिजते आणि आठवड्यात सुकते. पाऊस तोच, पण पेरणीचा दिवस दोन्हीकडे वेगळा. एकाच गावातल्या दोन शेतांत हा फरक असतो. आणि आपण सल्ला देतो जिल्ह्याला!

गेली काही वर्षं आठवा. २०२३ मध्ये पाऊस उशिरा आला, ऑगस्ट कोरडा गेला आणि धाराशिव, वाशी, लोहारा या तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस कोसळला, मशागत अर्धवट राहिली, तणं माजली. त्याच सालच्या सप्टेंबरात भूम-परंड्यात पुराने शेतं खरवडून नेली, माणसांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. नक्षत्रांवर बांधलेलं जुनं गणित यात टिकत नाही. सरकारने महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं उभारली, हे चांगलं काम झालं. पण ती पाऊस, वारा, तापमान, आर्द्रता मोजतात. वीतभर खाली काय आहे ते त्यांना दिसत नाही. आणि ते आकडे शेतकऱ्याच्या भाषेत उलगडून सांगणारी जिल्हा कृषी हवामान केंद्रं २०२४ मध्ये देशभर बंद करण्यात आली. हा निर्णय चुकीचा होता, असं मी या व्यासपीठावरून स्पष्ट म्हणतो.

ओलीची नोंद कशी ठेवता येते, याचं एक उदाहरण दूरवर आहे. कॅनडात सॅस्कॅचेवान नावाचा गव्हाचा मोठा प्रांत आहे. तिथली पेरणी मे महिन्यात, बर्फ वितळून जमीन उबदार झाल्यावर. भीती पावसाच्या खंडाइतकीच हिमकडाक्याचीही. यंत्रं अवाढव्य, शेतं हजारो एकरांची. त्यातलं काही आपल्याला उचलता येणार नाही. पण एक गोष्ट येईल. एप्रिल ते ऑक्टोबर तिथलं कृषी खातं दर आठवड्याला पिकांचा अहवाल काढतं, आणि त्याची माहिती गावोगावचे स्वयंसेवक देतात. पेरणी किती झाली याबरोबर वरच्या थरातली ओल कशी आहे, हेही ते कळवतात: जास्त, पुरेशी, कमी, फारच कमी. चार शब्दांत भागतं.

हे आपल्याला का जमू नये? लोखंडी सळई रानात खुपसा. ओल आहे तिथवर ती जाते, कोरड लागली की अडते. किती खोल गेली ते मोजा. वीतभर खालची माती मुठीत दाबा आणि गोळा सोडून द्या. भुगा होऊन विखुरला तर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल आहे, चिकटून राहिला तर थांबा, गोळाच बांधला नाही तरीही थांबा. हे आपल्या आजोबांना येत होतं. ते लिहून ठेवायचं मात्र राहून गेलं.

म्हणून माझी मागणी ठराव म्हणून मांडतो. आठही तालुक्यांत प्रत्येकी काही गावं निवडावीत. प्रत्येक गावात एक भारी आणि एक हलकं रान ठरवावं. रोहिणीपासून खरिपाच्या पेरण्या संपेपर्यंत, आणि पुढे हस्ताच्या पावसापासून ज्वारीची पेरणी होईपर्यंत, दर सोमवारी सळईची खोली, मुठीची परीक्षा, पेरणीची तारीख आणि उगवण यांची नोंद व्हावी. ज्वारीसाठी तर हे जास्तच गरजेचं, कारण कोरडवाहू मालदांडी जमिनीतल्या साठवलेल्या ओलीवरच पोसते. नोंद करणाऱ्यांत मुलींचा आणि बायकांचा निम्मा वाटा असावा. मजुरीला रोज रानात त्याच असतात. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राने या नोंदी एकत्र कराव्यात, अशी विनंती मी करणार आहे. ते होईस्तोवर या परिषदेने स्वतःची वही सुरू करावी. दुपारच्या सत्रानंतर नावं घेऊ या. गावाचं नाव, रानाचा प्रकार आणि नोंद कोण करणार, एवढंच लिहा.