‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग दुखतंय कसं?’

मी मूळची पाथरीची, मानसशास्त्रज्ञ आहे. लहानपणी माझ्या धाकट्या भावाचं पोट रोज सकाळी दुखायचं. परभणीला नेऊन तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल. मग घरात ठरलं, शाळा बुडवायची नाटकं आहेत. मीही चिडवायचे. त्यानं सांगणंच सोडलं. दुखणं थांबलं नव्हतं. ती बोच मनात ठेवूनच मी या कामात आले.

३ महिन्यांपेक्षा जास्त टिकतं, ते जुनाट दुखणं. कधी इजा भरून येते, तरी मेंदू धोक्याची घंटा वाजवतच राहतो. १९६५ मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलं, की वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच कमी-जास्त होतो आणि त्यावर मेंदूचाही ताबा चालतो. म्हणून भीतीनं, अपुऱ्या झोपेनं दुखणं वाढतं. पण ते खोटं नसतं!

आधी डॉक्टरांची तपासणी, मग माझं काम. लेकरांना मी संथ श्वास शिकवते. घरच्यांना सांगते, सारखं ‘दुखतंय का?’ विचारू नका, ‘आज काय केलंस?’ विचारा. शाळा आधी दोन तास, मग अर्धा दिवस. बरं वाटलं म्हणून दिवसभर क्रिकेट नको, दुखलं म्हणून दिवसभर अंथरूणही नको.

पहिल्या भेटीत प्रत्येक लेकराला म्हणते, “तुझं दुखतंय, हे मला पटलंय.” बऱ्याचदा आईच आधी रडते.

भावाला हे वाक्य म्हणायला मला वीस वर्षं लागली. तुम्ही एवढा उशीर करू नका.