एकच काळी शाई, पाच पेनं

(हौगांगमध्ये आमच्या भागातल्या मराठी कुटुंबांच्या गप्पांच्या बैठकीत केलेलं भाषण. अंकासाठी थोडंसं नीटनेटकं केलं आहे. बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, हा कॉम्प्युटर इंजिनिअर, म्हणजे क्लाउडवर नाहीतर एआयवर बोलणार. दिवसभर तेच करतो हो! आज मी शाईवर बोलणार आहे. फाउंटन पेनाच्या काळ्या शाईवर. हसू नका, पंधरा मिनिटं सहन करा. मागच्या टेबलावर पाच पेनं आणि एक दौत ठेवली आहे. भाषण कंटाळवाणं झालं तर उठून सरळ तिकडे जा.

सुरुवात चिपळूणपासून करावी लागेल. आमचं घर तिथलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आई शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर गेली, म्हणून वाचली. मी इथे हौगांगच्या फ्लॅटमध्ये फोन हातात धरून बसलो होतो. कोविडचा काळ. भारतात गेलेल्या पासधारकांना सिंगापुरात परत येणं तेव्हा बंद होतं. जाता आलं असतं, पण परतीचा रस्ता नव्हता, आणि इथे बायको, लहान मुलगी, नोकरी. नाही गेलो. ते अजून खुपतं.

पाणी ओसरल्यावर आईनं व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं. चिखल, फुगलेली कपाटं... गावातल्या १८६४ सालच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातसुद्धा पुस्तकांचं अतोनात नुकसान झालं, तिथे आमच्या घराची काय कथा! आई मात्र एकाच गोष्टीसाठी रडली. तिची वही. लग्नानंतर आजीनं सांगितलेले पदार्थ तिनं एका लाँगबुकात लिहून ठेवले होते. सांदणं, खापरोळ्या, पानगी, फणसाची भाजी, कुळथाचं पिठलं, आणि मधेमधे कुणाच्या बारशाला किती माणसं होती, नारळ किती लागले, असले हिशेब.

वही वाळवली. आणि गंमत बघा, गंमत म्हणवत नाही, पण सुरुवातीची पानं वाचता येत होती. मधली चाळीसेक पानं जवळजवळ कोरी. नुसती निळसर-जांभळी ढगासारखी छटा.

आईला कळेना. म्हणाली, "अरे, पहिली पानं त्या मळकट निळ्या-काळ्या शाईनं लिहिली होती. ती फिकी दिसते म्हणून तुझ्या बाबांनी मला छान ठळक काळी शाई आणून दिली. आणि ती ठळक तेवढी गेली!"

इथून मी शाईच्या नादाला लागलो.

उत्तर अगदी साधं आहे. जुनी ब्लू-ब्लॅक शाई बहुधा लोह आणि टॅनिनची असायची. टॅनिन मायफळातून येतं, तेच बाळगुटीत उगाळतात ते मायफळ, आणि लोह हिराकसातून. लिहिताना ही शाई फिकी दिसते. हवा लागली की काळी होत जाते आणि कागदाच्या धाग्यांना धरून बसते. तिच्यातला निळा रंग पाण्यानं गेला तरी मागे काळसर अक्षर राहतं. बाजारातली नेहमीची काळी शाई म्हणजे मात्र पाण्यात विरघळलेल्या दोन-तीन रंगांचं मिश्रण. टीपकागदावर तिचा थेंब टाकून पाणी सोडा, काळ्यातून निळा, जांभळा, कधी तपकिरी असे पट्टे वेगळे होतात. विरघळून आलेला रंग पाण्यात पुन्हा विरघळणारच. काळेपणा आणि टिकाऊपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला इंजिनिअर होऊनही तोवर माहीत नव्हतं.

तिसरी जात काजळीची. आपले पूर्वज हीच वापरायचे. दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी, आणि लिहायला बोरू. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद आजही काळेभोर दिसतात, कारण काजळी म्हणजे कार्बन. तो उन्हानं विटत नाही आणि पाण्यात विरघळत नाही. पण ही शाई फाउंटन पेनात घातलीत तर पेनाचं श्राद्धच! डिंक आत वाळतो आणि बारीक वाटा कायमच्या बंद होतात. ड्रॉइंगच्या वॉटरप्रूफ शाईचंही तेच. डिंकाऐवजी लाख असते, एवढाच फरक.

यावर उपाय जपान्यांनी काढला. कार्बनचे कण इतके बारीक करायचे की ते पेनातून वाहतील आणि पाण्यात तरंगत राहतील. प्लॅटिनमची कार्बन ब्लॅक आणि सेलरची किवागुरो या अशा शाया. कार्बन ब्लॅकची बाटली मी ब्रास बसा कॉम्प्लेक्समधून आणली. मनात एकच होतं, आईनं वही पुन्हा लिहावी आणि ती पुन्हा धुऊन जाऊ नये.

तुम्ही म्हणाल, "मग बॉलपेन द्या की!" बरोबर आहे. बॉलपेनची शाई तेलातली, ती पाण्याला दाद देत नाही. काही जेल पेनांतही असे न विरघळणारे कण असतात. पण आईच्या अंगठ्याचा सांधा दुखतो. बॉलपेन दाबावं लागतं, आणि अर्ध्या पानात तिचा हात भरून येतो. फाउंटन पेन कागदावर नुसतं टेकवलं तरी चालतं. शिवाय ती जन्मभर शाळेच्या कार्यालयात फाउंटन पेननं लिहीत आली. जेल पेनला ती "बुळबुळीत" म्हणते. विषय संपला!

शाई ठरली, आता पेन कुठलं? मला वाटलं होतं, शाई चांगली म्हणजे झालं. आमच्या धंद्यात एक वाक्य कुप्रसिद्ध आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय!" शाईचंही अगदी तसंच निघालं. बाटली एक, कागद एक, हात एक, आणि पाच पेनांत पाच वेगळ्या शाया असल्यासारखा प्रकार.

पेन चालतं कसं, ते दोन वाक्यांत सांगतो. निबखाली जो काळा तुकडा असतो, फीड, त्यात केसासारख्या बारीक खाचा असतात. त्यांतून शाई आपोआप निबपर्यंत ओढली जाते आणि जेवढी शाई बाहेर जाईल तेवढी हवा आत येते. हे गणित लुईस वॉटरमननं १८८४ मध्ये पेटंट घेऊन बसवलं. फीड रुंद असेल तर शाई भसाभसा येते, अरुंद असेल तर कंजूषपणा करते.

पहिला प्रयोग टाकाचा. बोरूचा हा धाकटा भाऊ. याला फीडच नाही, निब दौतीत बुडवायचा आणि लिहायचं. शाईचा खरा रंग इथे दिसला. गर्द काळा, किंचित मॅट. पण पहिला शब्द जाड आणि पाचवा बारीक. रोजच्या कामाचं नाही, फक्त तुलनेसाठी.

दुसरं, आपल्याकडचं एबोनाइटचं जाडजूड पेन, ड्रॉपरनं शाई भरायचं. एबोनाइटला शाई छान चिकटते, त्यामुळे प्रवाह मोकळा. अक्षरं सगळ्यांत काळी इथेच आली. पण आपल्या लिपीला एवढी शाई झेपत नाही हो! 'ष' आणि 'प' मध्ये फरक एका तिरक्या रेघेचा, 'घ' आणि 'ध' मध्ये एका छोट्याशा गाठीचा. शाई जास्त झाली की ती जागाच भरून जाते. आनंदीबाईंनी 'ध' चा 'मा' केला अशी आख्यायिका आहे, हे पेन 'धणे' चे 'घणे' करत होतं! दुसरी खोड शाळेपासूनची. शाई अर्ध्याखाली गेली की मध्येच टपकन थेंब. कारण मला आत्ता कळलं. टाकी रिकामी होते तशी आत हवा वाढते, हाताच्या उबेनं ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. म्हणजे शाळेत थेंब पडल्यावर बाई ओरडायच्या, त्यात आपला दोष फारसा नव्हता! उपाय सोपा: अर्धी संपली की लगेच भरा.

तिसरं, मध्यम निबचं जर्मन पद्धतीचं शाळकरी पेन. सगळं ठीक. चांगल्या कागदावर देखणं. पण साध्या वहीच्या कागदावर रेघ रुंद, त्यामुळे शाई फुटून कडांना बारीक केस येतात. सिंगापूरच्या दमट हवेत वाळायलाही वेळ लागतो. मी डावखुरा. शिरोरेखा मारता मारता तळहात काळा!

चौथं बाबांचं. चिनी बनावटीचं, निब झाकलेलं. ही धाटणी १९४१ च्या पार्कर ५१ मुळे जगभर पसरली. बाबा २०१८ साली गेले. पेन माझ्याकडे इथे होतं, म्हणून पुरातून वाचलं. आणि ते मी जवळजवळ मारलं. कार्बनची शाई भरली, छान लिहिलं, बारीक आणि स्वच्छ. मग एक प्रोजेक्ट गळ्यात पडला आणि पेन तीन आठवडे एसीच्या खोलीत पडून राहिलं. उघडलं तर ठणठणीत कोरडं. झाकलेल्या निबचं पेन सहज उघडून धुताही येत नाही. चार दिवस रोज पाणी बदलत भिजवलं. चौथ्या रात्री पाण्यात काळा धूर सुटावा तशी एक बारीक रेघ दिसली, तेव्हा जिवात जीव आला. बायको म्हणाली, "पेन जिवंत झालं, आता तरी झोप." त्या पेनात आता साधी धुता येणारी शाईच असते. दोष शाईचा नाही, पेनाचाही नाही. जोडी चुकली आणि निष्काळजीपणा माझा.

पाचवं सगळ्यांत स्वस्त. प्लॅटिनमचं प्रेपी, पारदर्शक प्लॅस्टिकचं. बारीक निब. दिसायला मुलांच्या कंपासपेटीतलं वाटेल. पण टोपणात आणखी एक आतली टोपी स्प्रिंगवर बसवली आहे, ती निबला घट्ट बंद करते आणि शाई वाळू देत नाही. मुद्दाम सहा आठवडे ड्रॉवरमध्ये ठेवलं. काढलं, टेकवलं, पहिल्याच शिरोरेखेला सुरू! अक्षर एबोनाइटच्या पेनाइतकं काळं दिसत नाही, कारण रेघ बारीक. पण 'ध' हा 'ध' च राहतो.

शेवटी पाण्याची परीक्षा. पाचही नमुने एक रात्र वाळवले आणि स्वयंपाकघरात नळाखाली दहा मिनिटं धरले. कार्बनच्या शाईचं एकही अक्षर हललं नाही, पेन कुठलंही असो. शेजारी साध्या काळ्या शाईनं 'खापरोळी' लिहिलं होतं, ते माझ्या डोळ्यांदेखत निळं होऊन वाहून गेलं. मी नळ बंद करून थोडा वेळ तसाच उभा राहिलो. आईनं हेच पाहिलं असणार, चाळीस पानं.

तर मंडळी, सगळ्यांत काळं लिहिणारं पेन मी आईला दिलं नाही. ती रोज लिहीत नाही. एखादा पदार्थ आठवला, एखादं प्रमाण आठवलं, की लिहिते. मध्ये पंधरा-पंधरा दिवस जातात. तिला हवं होतं कधीही उघडलं तरी चालणारं पेन. म्हणून ते स्वस्तातलं दिलं, एक नाही, तीन. सोबत महिन्यातून एकदा कोमट पाण्यानं पेन धुवायची सक्त ताकीद. माझी ताकीद ती ऐकते, असं मी म्हणत नाही!

जाता जाता एक गोष्ट सांगतो. आपल्या लहानपणीची उंटाच्या चित्राची दौत आठवते ना? दि. प. आणि गो. प. दांडेकर या भावांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची भुकटी आणि गोळ्या करायला सुरुवात केली, 'हॉर्स' छाप. मग कॅमल आली, आणि कॅमल-इंकचं कॅमलिन झालं. २०११ मध्ये कोकुयो या जपानी कंपनीनं त्यात मोठा हिस्सा घेतला. म्हणजे आईला जपानी शाई दिली म्हणून मला फार अपराधी वाटायचं कारण नाही. तिनं मात्र बाटली हातात घेऊन विचारलंच, "यावर उंट कुठाय?"

वहीची नवी पानं आता सव्वीस झाली आहेत. काही प्रमाणं तिला आठवत नाहीत. तिथे ती जागा सोडते आणि मावशीला फोन करते. दोन पदार्थ तर दोघींनाही आठवत नाहीत, ते गेले. शाई कितीही चांगली असली तरी जे लिहायचं राहिलं ते ती परत आणत नाही. म्हणून एक विनंती. या दिवाळीत घरी फोन कराल तेव्हा "कशी आहेस, जेवलीस का" झाल्यावर एक पदार्थ विचारा आणि लिहून घ्या. कुठल्याही पेननं. फक्त लिहिल्यावर त्याच शाईची एक ओळ वेगळ्या कागदावर लिहून नळाखाली धरून बघा.

आता या मागच्या टेबलाकडे. एबोनाइटचं पेन हाताळताना खाली टीपकागद ठेवा, आणि पांढरा शर्ट घातलेल्यांनी जरा जपून!