कांद्याचा निर्णय आणि मधला माणूस



कांद्यावर बोलताना आपल्याला शेतकरी आणि ग्राहक दिसतो. मधला तो साठेबाज, हे ठरूनच गेलंय. पण लिलावात टेम्पोभर कांदा घेऊन, निवडून, निर्यातदाराला पुरवणारा छोटा व्यापारीही शेतीवरच जगतो. आपल्या बागवान घरांतले कितीतरी जण फळं-भाजीच्या अशाच धंद्यात आहेत.

१९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. ८ डिसेंबरला थेट बंदी! ती ४ मे २०२४ ला उठली, तीही ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला.

बंदी आली तेव्हा कस्टमच्या ताब्यात गेलेल्या मालाला सूट होती. आदल्या दिवशीच्या भावाने घेऊन शेडमध्ये ठेवलेल्या मालाला नव्हती. शिवाय तो खरिपाचा लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही. मोठी कंपनी दुसऱ्या धंद्यातून तोटा भरते, छोटा व्यापारी कशातून भरणार? आम्ही सॉफ्टवेअरवाले साधा बदल करतानाही आधी नोटीस देतो.

कांदा महागला की गरिबांचे हाल होतात, आपल्या मोहल्ल्यांतही. त्यासाठी सरकारने राखीव साठा स्वस्तात विकावा, तसा विकलाही. पण निर्यातीचं धोरण हंगामाआधी सांगावं आणि आधी झालेले सौदे पूर्ण होऊ द्यावेत. ही मागणी शेतकऱ्यांच्या निवेदनातच जाऊ द्या. ‘मुस्लिम व्यापाऱ्यांचा प्रश्न’ म्हणून वेगळा कागद नको.