सुगीतला पैसा आणि पेरणीतले खत



एखादा शेतकरी खत घालीत नसला, की तो अडाणी तरी आहे किंवा आळशी तरी, असा निकाल गावच्या पारावर चटकन लागतो. हा निकाल कितपत खरा? केनियात झालेली एक पडताळणी आज तुम्हांला सांगतो.

केनियाच्या पश्चिमेस बुसिया नावाचा मुलूख आहे. शेतकरी लहान, पीक मुख्यतः मक्याचे. एस्थर डुफ्लो, मायकेल क्रेमर आणि जोनाथन रॉबिन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी तिथे शेतकऱ्यांच्याच रानात प्रयोग केले. मका गुडघ्याएवढा झाला, की ताटापाशी चहाचा अर्धा चमचा वरखत. एवढ्याने खर्च वजा जाता चांगला नफा राही. सरकारी शिफारशीचा पुरा संच मात्र सरासरीने परवडत नव्हता. प्रयोगात भाग घेतलेले जवळजवळ ९८ टक्के शेतकरी म्हणाले, "पुढच्या हंगामाला आम्ही खत घालणार." प्रत्यक्षात घातले किती जणांनी? सुमारे ३७ टक्क्यांनी!

मग बाकीचे खोटे बोलले का? नाही. सुगीत हाती पैसा असतो, पण खताची घाई नसते. पुढे दुखणीखुपणी, पाहुणेरावळे निघतात, आणि खताची वेळ येते तेव्हा कनवटीला काही उरत नाही. हे तुम्हांला मी सांगायला नको.

म्हणून त्यांनी वेळ बदलून पाहिली. सुगी होताच कार्यकर्ता घरी जाई आणि म्हणे, "खताचे पैसे आज भरा. भाव नेहमीचाच. वेळेवर खत घरपोच देऊ, हशील नाही." एवढ्या सोयीने खत वापरणारे ४७ ते ७० टक्क्यांनी वाढले. उलट, ऐन खताच्या वेळी खत निम्म्या किमतीत देऊ केले, तरी परिणाम याहून अधिक झाला नाही. हे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले.

शिक्षकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हे शेतकरी निवडले होते शाळकरी मुलांच्या पालकांच्या यादीतून. गावाशी शाळेचे नाते असे कामी येते.

तेव्हा मंडळी, मालाची पट्टी हातात पडली, की त्याच दिवशी पुढल्या खताचे पैसे बाजूला काढा. चार घरे मिळून काढलीत तर आणखी बरे. नवे खत असेल, तर आधी दोन सऱ्यांवर घालून हिशेब मांडा. आणि सोसायटीच्या पंचांनो, तुमची मदत सुगीतच दारी येऊ द्या. नाहीतर ते वरातीमागून घोडे! माणसाला बोल लावण्याआधी मदतीची वेळ तपासून पाहावी, एवढेच माझे सांगणे.