साक्षीदार खिशातच असतो

(जामनेर येथे युवक व पालकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गुन्ह्याच्या बातमीत पूर्वी एक वाक्य हमखास असे : 'पोलीस पुराव्याच्या शोधात आहेत.' आता अनेक प्रकरणांत पुरावा आधी येतो आणि पोलीस मागाहून पोहोचतात. तो पुरावा कोणी खबऱ्या आणून देत नाही. ज्याने कृत्य केले तोच तो इन्स्टाग्रामवर किंवा व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर स्वहस्ते मांडून ठेवतो.

वाढदिवसाचेच पाहा. भर चौकात टेबल मांडायचे, तलवारीने केक कापायचा आणि त्याची रील करायची. अशा चित्रफितींवरून महाराष्ट्रात गावोगावी गुन्हे नोंदले गेले आहेत. शस्त्र अधिनियम १९५९ चा आहे. त्याखालील नियमांत तलवारीबरोबरच नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा चाकूही घातक शस्त्रांत मोडतो. सूट आहे ती घरगुती, शेतीच्या वा व्यवसायाच्या हत्यारांना. मुलांना वाटते, स्टेटस चोवीस तासांत नाहीसे होते. पण तेवढ्या अवधीत पाहणाऱ्या कोणाच्याही मोबाइलमध्ये त्याची प्रत उरू शकते.

तलवारीची पुढची पायरी म्हणजे गावठी कट्टा. आपल्या जिल्ह्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातील उमर्टी येथे नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी छापा घालून शस्त्रे घडविणाऱ्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. कमरेला कट्टा खोचलेले एक छायाचित्र हाती आले, की तो कोठून आणला, कोणी दिला, सोबत कोण होते, हा सारा माग त्यातून काढता येतो.

आणि छायाचित्रात डोळ्यांना दिसते त्याहून अधिक काही असते. संगणकातील विषाणू रोखणाऱ्या प्रणालीमुळे प्रसिद्ध झालेले जॉन मॅकॅफी २०१२ मध्ये बेलीझ देशाच्या पोलिसांना चौकशीसाठी हवे होते. ते लपत फिरत होते. सोबतच्या पत्रकारांनी त्यांचे छायाचित्र संकेतस्थळावर टाकले. त्या छायाचित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश तसेच राहून गेले होते. मॅकॅफी ग्वाटेमालात आहेत, हे जगाला कळले आणि थोड्याच दिवसांत तेथे त्यांना अटक झाली.

पण ज्या घटनेने महाराष्ट्राचे काळीज फाटले, ती बीड जिल्ह्यातील. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून त्यांची निर्घृण हत्या झाली. आरोपपत्रानुसार, मारहाण करणाऱ्यांनीच तिची छायाचित्रे आणि चित्रफिती काढल्या, 'मोकारपंती' नावाच्या व्हॉट्सअॅप गटाला व्हिडिओ कॉल करून ती दाखवली. मार्च २०२५ मध्ये ती छायाचित्रे बाहेर आली आणि राज्य सुन्न झाले. खटल्याचा निवाडा न्यायालय करील. मला विचारायचे आहे ते इतकेच : एक माणूस तडफडत असताना हातात मोबाइल धरून तो कोणाला दाखवावासा का वाटला?

मोबाइलमधील चित्र कोण खरे मानणार, या भ्रमातही कोणी राहू नये. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार विहित प्रमाणपत्रासह सादर केलेली इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरली जाते.

मग 'जपून पोस्ट करा' एवढाच बोध घ्यायचा का? चोराने दिवा विझवून चोरी करावी, असा उपदेश करण्यासाठी मी जामनेरला आलेलो नाही. दुखणे निष्काळजीपणाहून खोल आहे. यातील कित्येक कृत्ये मुळात दिसण्यासाठीच होतात. पाहणारा नसता, तर ती तलवार त्या चौकात आलीच नसती. म्हणून त्या चित्राखाली बदामाचे चिन्ह टाकणारा, 'भाऊ, एकच नंबर' असे लिहिणारा कायद्याने सुटला, तरी समाज म्हणून आपण सुटत नाही.

आपल्याकडे प्रसिद्धिपराङ्मुखता हा कार्यकर्त्याचा गुण मानला गेला. डॉ. हेडगेवारांनी १९२५ मध्ये संघकार्य आरंभिले, ते स्वतःचा गाजावाजा न करता. विजयादशमीला आपण शस्त्रपूजन करतो. पूजनात शस्त्राबरोबर संयमही पुजला जातो. छत्रपतींच्या प्रतिमेखाली त्याच तलवारीने केक कापणे ही शौर्याची विटंबना आहे, आणि तो मुलगा आपल्या ओळखीचा असला, तरी हे आपणच त्याला सांगितले पाहिजे. 'आपलाच पोरगा आहे' म्हणून गप्प बसणे हे त्याच्यावरचे प्रेम नव्हे.

बळ दाखवायचे असेल, तर जामनेरला मैदानाची वाण नाही. फेब्रुवारी २०२५ मधील कुस्ती महाकुंभाला येथे मोठा जनसमुदाय लोटला होता. पाहणारे तेथेही होतेच. पण तेथे पंच असतो, नियम असतो, आणि हरलेल्यालाही मान असतो.

पालकहो, पहाटे रस्त्यावर धावणारी आपली मुले पोलीस आणि सैन्यभरतीची स्वप्ने पाहतात. मैदानी चाचणी आणि लेखी परीक्षा यांच्या पलीकडे चारित्र्य पडताळणी असते. तेथे पंधरा सेकंदांच्या एका रीलमुळे दाखल झालेला गुन्हा तीन-चार वर्षांच्या घामावर पाणी फिरवू शकतो. आज रात्री मुलाचा मोबाइल हिसकावून घेऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा : तुझ्या स्टेटसला टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जण उद्या पोलीस ठाण्याच्या दारात तुझ्यासाठी उभे राहतील?