जुन्या अंकांची खाडाखोड

बऱ्हाणपूरच्या एखाद्या महाविद्यालयीन मुलाच्या हाती जॉर्ज ऑर्वेलची ‘नाइन्टीन एटी-फोर’ ही १९४९ सालची कादंबरी पडली, तर आरंभीची पाने तो थोड्याशा उपहासानेच वाचतो. भिंतीवरचा तो सदैव पाहणारा पडदा त्याला नवलाचा वाटत नाही; त्याहून चतुर यंत्र त्याच्या खिशातच असते. चित्र रशियाचे, लेखक विलायतेचा. आपला याच्याशी संबंध काय, असे त्याने विचारले तर त्यात त्याचा दोष नाही.

संबंध दाखवावयाचा तर आरंभ लेखकापासूनच करावा. ऑर्वेलचा जन्म १९०३ साली बिहारातील मोतीहारी येथे झाला. १९४१ ते १९४३ या काळात तो बीबीसीच्या हिंदुस्थानविषयक विभागात होता. त्याने इंग्रजीत लिहिलेली युद्धवार्तापत्रे मराठीत भाषांतरित होऊन लंडनहून ध्वनिक्षेपित होत; मराठी लेखिका वेणू चितळे त्या विभागात त्याच्या सहकारी होत्या. तेथे प्रत्येक मजकुरावर आधी सेन्सॉरची नजर फिरे. शब्द कसे छाटले जातात, हे त्याने ऐकून नव्हे, नोकरी करून जाणले होते.

म्हणूनच त्याचा नायक विन्स्टन स्मिथ शिपाई नाही, पुढारीही नाही. तो कारकून आहे. वृत्तपत्रांचे जुने अंक ‘दुरुस्त’ करणे हे त्याचे काम. चॉकलेटचा शिधा तीस ग्रॅमवरून वीसवर येणार असे जाहीर होते, आणि दुसऱ्याच दिवशी तो वीसपर्यंत वाढविल्याबद्दल लोक आभार मानतात! कालचा अंकच नाहीसा झाल्यावर खोटे ठरवावे कशाच्या आधारे? येथे मुलाचे हसू मावळते.

वृत्तपत्राचा कागद बऱ्हाणपूरकरांना परका नाही. देशातला त्या कागदाचा पहिला कारखाना याच जिल्ह्यात, नेपानगरला उभा राहिला. १९५६ साली पंडित नेहरूंनी तो राष्ट्राला अर्पण केला. पण कागद असला म्हणजे मजकूर असतोच असे नाही. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली, वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी बसली, तेव्हा ‘इंडियन एक्सप्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी लेखनस्वातंत्र्याचा कैवार घेतला. पुढील वर्षी त्यांना तुरुंग पाहावा लागला. मुलाच्या आजोबांच्या आठवणीतला हा काळ आहे. ऑर्वेलच्या राज्यात ती कोरी जागासुद्धा राहू दिली नसती. कोरी जागाही साक्ष देते.

गावातल्या जामा मशिदीत तर याहून जुनी साक्ष आहे. फारुकी राजा आदिलशहाने तेथे आपल्या कुळाची वंशावळ संस्कृतात कोरविली. १६०१ साली असीरगड पडला आणि ते राज्य बुडाले. जेत्या अकबराने आपलाही लेख त्याच मशिदीवर कोरविला, पण पराभूताचा लेख जागच्या जागी राहिला. अकबर काही संत नव्हता. तरी विन्स्टनचे वरिष्ठ त्या दगडावर प्रथम छिन्नीच चालविते. रोज त्या दारावरून जाणाऱ्या मुलाला कादंबरी कळण्यास एवढे पुरे आहे.

शेवटाशी मात्र तो चिडतो. विन्स्टन मोडतो, छळणाऱ्यावरच प्रेम करू लागतो. लेखकाने एखादी तरी खिडकी उघडी ठेवावयास हवी होती, ही त्याची तक्रार. ही चीड फार मोलाची आहे. तिची समजूत काढण्याची घाई वडीलधाऱ्यांनी करू नये. शिवाय कथा संपल्यावर त्या राज्याच्या भाषेवर एक परिशिष्ट आहे आणि ते सारे भूतकाळात लिहिलेले आहे. जणू ते राज्य बुडाल्यानंतर कोणी निवांतपणे लिहावे तसे. काही अभ्यासकांना ती खिडकी तेथे दिसते. पुष्कळ मुले परिशिष्ट न वाचताच पुस्तक परत करतात.